रात्रीचं पाणी आणि घोणस

ताई, यजमान सुरतेला कामाला, थ्री फेज लाइन रात्रीची, केळीला पाणी सोडायला तुम्ही एकट्या. श्रावणात वॉल्व्हजवळ घोणस दिसली. तेव्हापासून मोटर चालू करायची वेळ झाली की छाती धडधडते, घरात अंथरुणावरही झोप मोडते. सासूबाई म्हणतात, शेतकऱ्याच्या लेकीनं सापाला काय एवढं भ्यायचं? तुम्ही विचारता, मला वेड तर लागलं नाही ना?

नाही हो. अंधारात केळीत शिरताना घोणशीची भीती वाटणं शहाणपणाचंच आहे. सासूबाईंनीही कदाचित ती गिळूनच जन्म काढला असेल.

वावरातल्या भीतीला आधी बंदोबस्त हवा. घोणस वाळल्या पानांच्या रंगात मिसळून पडून राहते, पाय आपटला तरी हलेलच असं नाही. म्हणून काठीपेक्षा बॅटरीचा उजेड महत्त्वाचा, आणि पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट. कापलेली पानं बांधावर साठली की उंदीर येतात, त्यांच्यामागे साप. स्टार्टरची पेटी, वॉल्व्ह आणि पायवाट यांच्या दोन्ही बाजूंचं पाच-सहा फूट गवत आणि पाचोळा काढून टाका. पेटीत हात घालण्याआधी उजेड टाका. वॉल्व्ह दिवसाउजेडीच फिरवून ठेवा. घरात जमिनीवर झोपू नका, खाटेवर मच्छरदाणी खोचून झोपा. मण्यार रात्री घरात शिरते आणि तिचा दंश कधीकधी कळतही नाही.

साप चावलाच, तर वेळ बघून ठेवा. सूज चढण्याआधी बांगड्या, जोडवी काढा. हातपाय मोडल्यावर बांधतात तशी फळी लावून तो भाग स्थिर ठेवा. दोरी आवळणं, चीर देणं, मांत्रिकाकडे जाणं, यातलं काहीही नको. १०८ ला फोन करा आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शन असलेला दवाखाना गाठा. तो कुठला, हे आजच विचारून घ्या.

अंथरुणातल्या धडधडीचं वेगळं आहे. जागा टाळली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मन तेच शिकतं आणि पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. म्हणून आधी भर दुपारी त्या वॉल्व्हपाशी जा आणि धडधड उतरेपर्यंत थांबा. चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. दुपार सोपी वाटू लागली की दिवेलागणीला जा, मग रात्री कुणाला तरी सोबत घेऊन. रात्री एकटीनं जाऊच नका, शेजारच्या वावरातल्या बाईशी पाण्याची पाळी जुळवून घ्या. एवढं करूनही दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, तर १४४१६ या टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदत क्रमांकावर बोला. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्रीही लागतो.

यजमानांना यातलं काही सांगितलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. सांगा. फोनवरून मोटर चालू-बंद करणारा मोबाइल स्टार्टर मिळतो. सुरतेच्या पगारातला पहिला खर्च तोच होऊ द्या. वॉल्व्ह संध्याकाळी लावून ठेवले की बहुतेक रात्री तुम्हाला घराबाहेर पडावंच लागणार नाही.