गुरुवारची वीज आणि खराब झालेली सेव्ह फाइल

प्रश्न (कोथरूड) : गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली, तेव्हा पीसीवर 'एल्डन रिंग' चालू होता. आता गेम सेव्ह खराब झाल्याचं सांगतो. चाळीस तासांचं कॅरेक्टर परत मिळेल का?

उत्तर : बहुधा मिळेल. या गेममध्ये तुमची सगळी कॅरेक्टर्स एकाच फाइलमध्ये असतात आणि ऑटोसेव्ह तीच फाइल पुन:पुन्हा लिहितो. लिहिणं अर्धवट असताना वीज गेली की फाइल बिघडते. पण शेजारीच थोडी आधीची प्रत असते.

गेम बंद करा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून दोन % चिन्हांच्या मध्ये 'अ‍ॅपडेटा' इंग्रजीत टाइप करा. तिथल्या 'एल्डनरिंग' फोल्डरमध्ये लांबलचक आकड्याचं फोल्डर असेल, ते आधी अख्खं डेस्कटॉपवर कॉपी करा. ही पायरी गाळू नका, पुढे काही चुकलं तर तीच उपयोगी पडेल. मग 'एसएल२' ने संपणारी फाइल बाहेर हलवा आणि 'एसएल२ डॉट बॅक' च्या नावातलं शेवटचं 'डॉट बॅक' काढा. नावाचं शेपूट दिसत नसेल, तर विंडोजच्या 'व्ह्यू' मध्ये फाइल एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय चालू करा. गेम सुरू करताना स्टीमने (गेम ज्यातून चालतो ते अ‍ॅप) क्लाउड (इंटरनेटवरची प्रत) की लोकल (पीसीवरची प्रत) असं विचारलं, तर लोकल निवडा. नाहीतर केलेली मेहनत पाण्यात.

पुढच्या गुरुवारसाठी यूपीएस घ्या, पण साधा ६०० व्हीएचा नको. त्याची खरी क्षमता साधारण ३६० वॅट. ग्राफिक्स कार्ड जोरात असलं, तर लाइट जाताच तोही बसतो. मॉनिटरही यूपीएसवरच जोडा, नाहीतर अंधारात 'क्विट गेम' शोधत बसाल.

प्रश्न (सदाशिव पेठ) : 'स्कायरिम' हा गेम लेजंडरी या सगळ्यात कठीण लेव्हलवर खेळतो. एकेक डाकू मारता मारता हात दुखतात. लेव्हल खाली आणणं म्हणजे फसवणूक नाही का?

उत्तर : अजिबात नाही. लेजंडरीवर डाकू हुशार होत नाही, फक्त आकडे फिरतात : तुमचा वार पाव होतो, त्याचा तिप्पट. अडेप्ट या मधल्या लेव्हलवर दोन्ही जसेच्या तसे. त्याच्या वरच्या एक्स्पर्टवर तुमचा पाऊण, त्याचा दीडपट. आमच्या मते मजा तिथेच आहे. सेटिंग खेळाच्या मध्यातही बदलता येतं. 'विचर ३' मध्ये वरच्या दोन लेव्हलना ध्यान करून तब्येत भरून येत नाही, त्यामुळे खाणंपिणं आणि औषधं जपून वापरावी लागतात. अशी अडचण आम्हाला जास्त पटते.

प्रश्न (हडपसर) : 'स्कायरिम' मध्ये दर मिनिटाला एफ५ (क्विकसेव्ह, म्हणजे झटपट सेव्ह) दाबलं तर चालतं का?

उत्तर : दाबा, पण क्विकसेव्ह आधीच्यावरच लिहिला जातो. बाण अंगावर येत असताना आणि जीव तोळाभर उरलेला असताना दाबलात, तर तो सेव्ह उघडणाऱ्या एफ९ ने दरवेळी त्याच मरणात परत याल. गुहेत शिरण्याआधी मेन्यूतून वेगळा सेव्ह करा आणि असे तीन तरी शिल्लक ठेवा.