नाक मोठं आहे म्हणून लाजणाऱ्यासाठी
अरे, आधी सेल्फीत नाक निरखणं बंद कर. मोबाईल चेहऱ्यापासून ३० सेंटिमीटरवर धरला, की दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा नाक साधारण ३० टक्के रुंद दिसतं. २०१८ साली संशोधकांनी हे गणित मांडलंय. दीड मीटर म्हणजे साधारण समोरचा माणूस उभा असतो ते अंतर, तेव्हा तोच फोटो खरा धर.

माझंही नाक चांगलंच भरदार आहे, म्हणून सांगतो: बोलताना सारखा तोंडावर हात नेऊ नकोस, उलट त्यानेच नजर तिकडे जाते. कुणी टोमणा मारलाच तर "हो, मोठं आहे" म्हणायचं आणि विषय पुढे न्यायचा. (चिडवणाऱ्याची मजाच जाते.)

पण आरशासमोर रोज तासन्‌तास जात असतील, बाहेर पडणंच टाळत असशील, तर नाकाच्या ऑपरेशनसाठी सर्जन गाठण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाला भेट. या ध्यासावर उपचार आहेत.