पन्नाशीनंतर नीटनेटकं, स्टायलिश दिसायचंय? आधी एवढंच करा

ताई, आधी खरेदी थांबवा. कपाट उघडा, आज अंगाला बसतंय तेवढंच ठेवा. ‘बारीक झाल्यावर घालीन’वाला गठ्ठा बाजूला!

सगळा खेळ फिटिंगचा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच बसायला हवी. कंबर, बाही, उंची टेलर सहज कमी करून देतो; खांदा दुरुस्त करणं कटकटीचं आणि महाग. म्हणून ट्रायल रूममध्ये पहिली नजर तिथे.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- पोट झाकायला ढगळ कपडे. त्यात आपण उलट जाडच दिसतो.
- जुन्या मापाची ब्रा. ती बदललीत तर निम्मे टॉप आपोआप नीट बसतील.
- ‘वयाला शोभतील’ असे नुसते मळकट रंग. दिवसाच्या उजेडात कापड गळ्याशी धरा. चेहरा उजळला तर घ्या.

दागिने, स्कार्फ नंतर बघू.