सोनोग्राफी नॉर्मल आली, मग बायोप्सी कशाला?

वडिलांनी फायलीतून सोनोग्राफीचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि शेवटच्या ओळीवर बोट टेकवत ते म्हणाले, "मॅडम, इथं स्पष्ट लिहिलंय, दोन्ही किडन्या नॉर्मल. मग सुई घालून तुकडा कशासाठी काढतायत?" शेजारी बसलेली त्यांची मुलगी (तिला येथे रेवती म्हणते, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) २६ वर्षांची होती, तिच्या लग्नाला दीड वर्ष झाले होते, आणि सांधेदुखी, गालांवरचे चट्टे व रक्ताच्या तपासण्या यांवरून तिला ल्युपस असल्याचे चार महिन्यांपूर्वी निश्चित झाले होते. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. दर १० रुग्णांत सुमारे ९ स्त्रिया असतात आणि त्यांतल्या बहुतेकींना तो ऐन उमेदीच्या वयात गाठतो.

संधिवात विभागात समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. पूर्वी "घाबरू नका, साधी तपासणी आहे" असे म्हणून मी वेळ निभावून नेत असे. ते चुकीचे होते, कारण ही शंका भीतीपेक्षा तर्कातून आलेली असते: ज्या यंत्राला पोटातले बाळ दिसते, त्याला किडनीतला बिघाड का दिसू नये? आपल्याकडे सोनोग्राफी म्हटले की गरोदरपणच डोळ्यांसमोर येते. रेवतीची आई तर, तपासणी केंद्राबाहेर गर्भलिंग निदान न करण्याविषयीच्या पाटीखाली मुलीला बसलेली पाहून ओळखीच्या बाईने "काही गोड बातमी?" असे विचारल्याचेच दुःख मला आधी सांगत होती.

म्हणून मी त्यांना कागदावर एक मूत्रपिंड काढून दाखवले. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी १० लाखांच्या आसपास गाळण्या असतात आणि त्यांतली एकेक गाळणी साधारण ०.२ मिलीमीटरची असते. ल्युपसचा हल्ला होतो तो या गाळण्यांवर. पोटावरून फिरवलेल्या सोनोग्राफीला मूत्रपिंडाची लांबी, बाहेरच्या थराची जाडी, खडा, सूज, लघवीच्या मार्गातला अडथळा हे सारे दिसते. एकेक गाळणी मात्र दिसत नाही. त्यामुळे गाळण्या सुजलेल्या असतानाही चित्र नॉर्मल येऊ शकते, आणि ल्युपसच्या सुरुवातीच्या काळात ते पुष्कळदा तसेच येते. वडील क्षणभर थांबून म्हणाले, "म्हणजे मशीन खोटं बोलत नाही, त्याला तेवढं दिसतच नाही." याहून नेमके मला सांगता आले नसते.

मग मी फायलीतला दुसरा कागद वर घेतला. रेवतीच्या २४ तासांच्या लघवीत १.८ ग्रॅम प्रथिने जात होती. निरोगी माणसात हे प्रमाण १५० मिलीग्रॅमच्या आत असते, आणि ल्युपसच्या रुग्णात ते ५०० मिलीग्रॅमच्या वर टिकून राहिले की डॉक्टर बायोप्सीचा विचार करतात. लघवीला फेस येतो हे तिला महिनाभर जाणवत होते. पण क्रिएटिनिन (किडनीचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्ततपासणी) ०.८ म्हणजे नॉर्मल आणि सोनोग्राफीही नॉर्मल, म्हणून घरात कोणी ते मनावर घेतले नव्हते.

सोनोग्राफी वाया गेली का, असे आईने विचारले. तसे मुळीच नाही. दोन्ही मूत्रपिंडे जागेवर आहेत, आकसलेली नाहीत, बाहेरचा थर पातळ झालेला नाही, हे त्या कागदानेच सांगितले होते. ती आकसलेली असती तर बायोप्सीतला धोका वाढला असता आणि उपचारांनी परत मिळवण्यासारखे फारसे उरलेही नसते. शिवाय बायोप्सीची सुई आत जाताना डॉक्टर पडद्यावर पाहत असतात ती सोनोग्राफीच. छातीत दुखू लागले तर हृदयाभोवती पाणी साचले आहे का हे टूडी इकोमध्ये दिसते आणि एकच पाय सुजला तर डॉप्लरमध्ये रक्ताची गुठळी सापडते. या तपासण्याही ध्वनिलहरींच्याच आहेत, फक्त प्रत्येक अवयवासाठी त्यांना विचारायचा प्रश्न वेगळा असतो.

रेवती इतका वेळ गप्प होती. तिने एकच विचारले, "ताई, तुकडा काढल्यावर किडनी कमी होईल का?" मी सांगितले की निघतात ते शेवईसारखे बारीक एक-दोन धागे, आणि त्यांत साधारण १०–२० गाळण्या येतात, लाखोंपैकी. जागा बधिर करतात, पालथे झोपवतात, नंतर काही तास उताणे पडून राहावे लागते. लघवीतून थोडे रक्त जाऊ शकते आणि क्वचित जास्त रक्तस्राव होतो, हेही मी लपवले नाही. म्हणूनच आधी रक्तदाब आटोक्यात आणतात आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबत विचारतात.

बायोप्सीच्या अहवालात चौथ्या वर्गाचा ल्युपस नेफ्रायटिस (ल्युपसमुळे मूत्रपिंडाला येणारी सूज) निघाला, म्हणजे निम्म्या किंवा त्याहून अधिक गाळण्यांना इजा झाली होती. वर्ग कळला म्हणून औषध ठरले: स्टेरॉइड आणि मायकोफिनोलेट. मायकोफिनोलेट सुरू असताना गर्भधारणा कटाक्षाने टाळावी लागते, आणि खरे सांगायचे तर बायोप्सीपेक्षा हे संभाषण मला अधिक अवघड गेले. त्या बैठकीला तिच्या नवऱ्याला बोलावले होते. मूल कधीच नको असे डॉक्टर म्हणत नसून आजार शांत होऊन काही महिने तसाच राहिल्यावर औषध बदलून प्रयत्न करता येतील, हे मला दोनदा सांगावे लागले. दुसऱ्यांदा सांगितले तेव्हा त्याने वहीत लिहून घेतले.

आठ महिन्यांनी प्रथिने ३०० मिलीग्रॅमवर आली होती. मधल्या काळात पोटदुखीसाठी पुन्हा सोनोग्राफी झाली होती आणि तिच्या शेवटी पहिल्या वेळची तीच ओळ होती, दोन्ही मूत्रपिंडे नॉर्मल. वडिलांनी या वेळी तो कागद फायलीच्या तळाशी लावला होता आणि वर लघवीचा अहवाल ठेवला होता.