फोटोग्राफीचा छंद होता, आता कॅमेरा हातात घ्यावासाच वाटत नाही. मिररलेस (आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा) घेतला तर उत्साह परत येईल का?

नाही येणार. पंधरा दिवस मेनू चाळण्यात मजा येते, मग तोही जुन्याच्या शेजारी कपाटात जाऊन बसतो. माझ्याकडे या धड्याची पावती आहे, तीही हप्त्यांची.

मी 18-55 वर, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या छोट्या किट लेन्सवर, सुखात होतो. मंडईतले वाटे, पर्वतीवरून दिसणारा पाऊस, घरचं मांजर. मग ग्रुपमधला एक सीनियर म्हणाला, "किट लेन्सवर खेळणं पुरे आता." त्याच्या नादाने लांबचं जवळ आणणारी 150-600 घेतली, दोन किलोचं धूड. पहिलीच फेरी भिगवणला. पहाटे साडेतीनला पुणं सोडलं, उजाडता उजाडता कुंभारगावच्या काठावरून होडीत. उजनी धरणाच्या फुगवट्यात फ्लेमिंगो भरपूर होते आणि त्यांच्याभोवती आमच्यासारख्याच आठ होड्या. सगळ्यांचा कोन एक, उजेड एक, लेन्सही एकच. उडतानाचा फोटो हवा म्हणून होडी थव्यात घाला, असं सांगणाऱ्यांत आमचे सीनियर पहिले. नावाडी म्हणाला, "खाऊ द्या की त्यास्नी, साहेब." मी गप्प बसलो. ते अजून खुपतं.

परतताना तोच नावाडी मला म्हणाला, "माझा बी एक काढा की." कॅमेरा वळवला, तर सगळ्यात कमी झूमवर, 150 लासुद्धा नुसती मिशी मावत होती, आणि तीही फोकस होईना, ही लेन्स दोन मीटरच्या आतलं बघतच नाही. छोटी लेन्स सीनियरच्या सल्ल्याने घरी ठेवलेली. "ऱ्हाऊ द्या मग," म्हणाला तो.

घरी आल्यावर कार्डावर 1,400 फ्रेम. सगळ्या गुलाबी. एकही दुसऱ्यांदा उघडली नाही. त्यानंतर अडीच वर्षं कॅमेरा बंद. तुमचंही असंच काहीतरी झालं असणार, असं मी धरून चाललोय.

गेल्या हिवाळ्यात किट लेन्सचं फंगस साफ करून घेतलं आणि तेवढी एकच घेऊन एसटीने गेलो. नावाडी तोच. 18 वर, म्हणजे लेन्सच्या सगळ्यात रुंद टोकाला (वाइड), अगदी जवळून त्याचा फोटो काढला. आठ बाय बाराचा प्रिंट पुढच्या रविवारी नेऊन दिला. बराच वेळ बघून म्हणाला, "हात केवढा आलाय हो माझा!" आलाच होता. वाइडवर जवळ गेलं की पुढची वस्तू फुगते, एवढं तरी मला कळायला हवं होतं. तरी फोटो घरात लागला, आणि चिलापीचं कालवण वाढता वाढता वहिनींनी सासूबाईंच्या फोटोची ऑर्डर दिली.

तर मिररलेसचे पैसे ठेवा आणि ज्याचा फोटो काढाल त्याला प्रिंट द्या. "आता प्रिंट कोण काढतं?" असं आमचे सीनियर भर ग्रुपमध्ये हसत म्हणाले होते. मी काढतो, साहेब.

पक्ष्यांना मोठी लेन्स लागतेच, नाही कोण म्हणतंय? त्यांचे फोटोही चांगले असतात. आणि फोटोच नाही, जेवणखाण, माणसं, सगळंच नकोसं झालं असेल तर हे उत्तर सोडा, डॉक्टरांशी बोला.

मोठी लेन्स विकली, तोट्यात. शनिवारी परत कुंभारगाव. सासूबाई नऊवारी नेसून बसणार आहेत आणि हात छोटा आला पाहिजे, असा निरोप आधीच आलाय.