४० कॉम्प्युटरच्या ऑफिसला फुकटचं ऑनलाइन व्हल्नरेबिलिटी स्कॅन (नेटवर्कमधल्या कच्च्या जागा शोधणारी तपासणी) पुरेल का?

सुरुवातीला पुरेल, पण ते किती पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून मशीनमध्ये शिरायचे नंबर दिलेले दरवाजे, तपासतंय हे आधी बघा. "स्कॅन क्लीन आला" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

भोसरीतल्या एका वर्कशॉपचं नेटवर्क मी सांभाळतो. तिथल्या अकाउंटंट मॅडम घरून टॅलीवर काम करायच्या. त्यासाठी आधीच्या व्हेंडरने राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून सर्व्हरचं रिमोट डेस्कटॉप (लांबून स्क्रीन चालवायची सोय) सरळ इंटरनेटवर उघडं ठेवलं होतं. मी म्हटलं, हे बंद करा, व्हीपीएन, म्हणजे लॉगिन करून आत यायचा बंदिस्त रस्ता, लावा. तर या गृहस्थांनी शेठसमोर कुठल्याशा साइटचा हिरवागार रिपोर्ट ठेवला. एकही पोर्ट उघडा नाही म्हणे! शेठ माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी घाबरवून फायरवॉल खपवायला आलोय.

झालं होतं असं, की त्याने रिमोट डेस्कटॉपचा नेहमीचा पोर्ट ३३८९ बदलून ५०,००० च्या पुढचा नंबर दिला होता. टीसीपीचे पोर्ट ६५,५३५. एनमॅप हे पोर्ट तपासायचं टूलसुद्धा नुसतं चालवलं तर नेहमीचे १,०००च बघतं, आणि फुकट साइट बहुतेक त्याहून कमी. शेठची परवानगी घेऊन मी बाहेरच्या सर्व्हरवरून सगळे पोर्ट तपासले. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत लॉगिनचा स्क्रीन समोर होता, त्यांच्या सर्व्हरच्या नावासकट. त्यावर व्हेंडर काय म्हणाला? "पण हा नंबर कुणाला माहीत आहे?" अहो, २००९ पासून शोडान हे इंटरनेटवर उघडी मशीन शोधणारं सर्च इंजिन दुसरं काय करतंय? पोर्ट बदलणं म्हणजे सुरक्षा नव्हे. तेव्हाही हेच म्हणत होतो.

पैसे द्यायचेच असतील तर आतल्या स्कॅनला द्या. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या मालवेअरने जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या शिपिंग कंपनीचं टर्मिनल ठप्प केलं, आठवतंय? ते युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरलं आणि नेटवर्कच्या आतून पसरलं. बाहेरून पोर्ट ठोकून त्यातलं काय दिसणार? आतून, ॲडमिनचा पासवर्ड देऊन स्कॅन केलं तरच कुठल्या मशीनवर कुठला पॅच (दुरुस्तीचा अपडेट) राहिलाय ते कळतं. असं स्कॅन करणारं ओपनव्हास फुकट आहे. वेळ मात्र खातं. रिपोर्टमधले धोक्याचे, १० पैकी ९.८ वगैरे आकडे बघून हबकू नका, आधी बाहेरून पोचता येईल ते बुजवा.

हो, आणि मालकाची लेखी परवानगी घ्या, नाहीतर विनापरवानगी कॉम्प्युटरमध्ये शिरण्याबद्दलचं आयटी कायद्याचं कलम ४३ आहेच. स्कॅन रविवारी लावा. स्कॅन चालू असताना जुने प्रिंटर पानंच्या पानं कचरा छापतात, शॉपफ्लोअरवरची यंत्रं चालवणारे कंट्रोलर अडकतात. ते स्कॅनमधून वगळलेलेच बरे.

ज्याने नेटवर्क उभं केलं त्यालाच ते तपासायला देऊ नका. माझंही काम दुसऱ्याकडून तपासून घ्या, असं शेठना मीच सांगितलंय. अजून घेतलेलं नाही.