यूएनच्या शांतिसेनेत वेगवेगळ्या देशांच्या सैनिकांची खरंच मैत्री होते का? भारत-पाकिस्तानचीसुद्धा?

होते. पण फोटोत दिसते तिथे नाही होत.

मी आर्मी मेडिकल कोरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. २०१०-११ ला काँगोतल्या गोमा शहरात, यूएनच्या मोहिमेतलं आपलं लेव्हल थ्री हॉस्पिटल होतं, तिथे वर्ष काढलं. आता निवृत्त आहे. भांडुपला राहतो आणि एका खासगी हॉस्पिटलात ड्रेसिंग रूम सांभाळतो. तुम्ही विचारलंय की निळ्या टोप्या घालून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेले फोटो खरे की दाखवायचे, आणि आपला जवान पाकिस्तानी जवानाशी बोलतो तरी का. माझं सांगतो. पलटणीत राहिलेला माणूस वेगळं सांगेल.

लोकांना वाटतं तिथे सगळे देश एकत्र राहतात. तसं फक्त मिलिटरी ऑब्झर्व्हर अधिकाऱ्यांचं असतं. एका घरात चार-पाच देशांची माणसं, जवळ हत्यार नाही, आणि गस्तीच्या गाडीत दोन वेगवेगळ्या देशांचे लोक लागतातच. त्यांची दोस्तीही होते आणि घासायच्या भांड्यांवरून भांडणंही. आम्ही बाकीचे मात्र आपापल्या तारेच्या कुंपणात. आपल्या कॅम्पात लंगर, मंदिर, सकाळची पीटी, सगळं घरच्यासारखं. ९० दिवस झाले की यूएनचं मेडल मिळतं, त्याची परेड होते, पाहुणे येतात, जेवण होतं. तुमचे ते फोटो तिथले. खोटे नाहीत, पण त्या माणसाचं नाव संध्याकाळी आठवत नाही.

आमचं हॉस्पिटल त्याला अपवाद होतं. लेव्हल वन म्हणजे पलटणीचा स्वतःचा दवाखाना, टूमध्ये छोटी ऑपरेशनं, आणि त्यांच्या हाताबाहेर गेलेली केस थ्रीमध्ये. त्यामुळे पूर्व काँगोतलं कोणीही आमच्याकडे येऊन पडायचं. उरुग्वेचे, दक्षिण आफ्रिकेचे, बांगलादेशचे. 'दुखतंय का' हे प्रत्येक भाषेत पाठ झालं होतं. स्पॅनिशमध्ये 'दुएले'. बंगालीत 'ब्यथा', म्हणजे आपली व्यथाच. वॉर्ड पुसायला येणारा काँगोली माणूस साबणाला 'साबुनी' म्हणायचा, त्याच्याशी तर माझं पहिल्या आठवड्यातच जमलं.

उरुग्वेचा एक कॅबो, म्हणजे आपला नाईक समजा, हातावरच्या जखमेच्या ड्रेसिंगला रोज यायचा. काखेत थर्मास. त्यांचा एक पाल्याचा कडू चहा असतो, माते. वाळवलेल्या छोट्या भोपळ्यात पाला भरतात, वर गरम पाणी ओततात आणि धातूच्या नळीने ओढतात. नळीचं नाव 'बोंबिशा'. मला ऐकू आलं बोंबील. दहा माणसं असली तरी भोपळा एक, नळी एक, आणि ती फिरते. मी नर्सिंगवाला, पोटात गोळाच आला, पण घेतला. पिऊन झाल्यावर शिकवल्याप्रमाणे 'ग्रासियास' म्हणालो. दुसऱ्या फेरीत भोपळा माझ्या नाकासमोरून पुढे गेला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं काही चुकलं बहुतेक. मग त्यांच्यातल्या एका इंग्रजीवाल्याने सांगितलं की मातेच्या वर्तुळात 'थँक्यू' म्हणजे 'बास, आता मला नको'. हवा असेल तर गप्प भोपळा परत करायचा. भांडुपच्या टपरीवर कटिंग पिणाऱ्याला हे कसं कळणार? त्यानंतर मी आभार मानायचं बंद केलं आणि आमचं चांगलं जुळलं. जाताना त्याने मला एक नळी दिली. ती आमच्या घरी चमच्यांच्या स्टँडमध्ये आहे, मुलगी तिच्याने कोकम सरबत पिते. (घानाच्या माणसासमोर उरुग्वेवाल्याने सुआरेझचं नाव काढायचं नसतं, हेही तिथेच कळलं. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये त्याने गोललाइनवर हाताने अडवलेला बॉल घानावाले विसरलेले नव्हते.)

आता पाकिस्तान. नकाशात किवू नावाचं तळं बघा. वरच्या टोकाला गोमा, तिथे तेव्हा आपली ब्रिगेड होती. खालच्या टोकाला बुकावू, तिथे त्यांची. हेल्मेटचा रंग एक. त्यांचा एक हवालदार आमच्याकडे आला, घाटात गाडी उलटून पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं. बाहेरून रॉड लावलेला, आणि तो जिथे कातडीतून आत जातो तिथली सफाई रोज माझ्याकडे. ते फार दुखतं. मोठमोठे गडी आईचं नाव घेतात. हा माणूस तीन दिवस छताकडे बघत पडून राहिला, तोंडातून हूं की चूं नाही. कपाळावर घाम, पण भारतीयासमोर कण्हायचं नाही. मीही फक्त 'हो गया' एवढंच बोलायचो. आम्ही पोहोचायच्या महिनाभर आधीच, ऑगस्ट २०१० मध्ये, किरुम्बाच्या तळावर तिथल्या बंडखोरांनी आपले ३ जवान मारले होते. तिथे धोका कोणाकडून आहे हे त्यालाही ठाऊक, मलाही. तरी सवय जात नाही.

चौथ्या दिवशी गॉज ओढला आणि तो ओरडला, "ओए मर गया, आहिस्ता यार!" आमची ओळख झाली ती त्या 'यार'पासून. मग विचारलं, कुठले? मी म्हटलं मुंबई. तर म्हणे, मग तुम्ही 'अपुन' का नाही बोलत?

३० मार्च २०११. मोहालीची सेमीफायनल. तिथे मॅच सकाळी अकराला सुरू झाली. वॉर्डच्या मॅडमनी, त्या मेजर होत्या, परवानगी दिली आणि मी त्याला व्हीलचेअरवरून टीव्हीच्या खोलीत नेलं. वीसेक आपले आणि हा एकटा. आमच्या सुभेदार साहेबांनी सगळ्यांकडे एकदा नुसतं बघून घेतलं. वहाबने युवराजचा पहिल्याच बॉलला त्रिफळा उडवला तेव्हा याने खुर्चीच्या हातावर जोरात थाप मारली आणि लगेच आजूबाजूला बघितलं. कोणीतरी मागून म्हणालं, "मारो मारो, बॉल अच्छा था." तेंडुलकरचा कॅच सुटला. परत सुटला. चौथा सुटला तेव्हा याने डोळेच मिटले. दुपारनंतर मिस्बाह खेळायला लागला तसा हा त्यालाच शिव्या घालायला लागला, आणि आपली पोरं मिस्बाहची बाजू घेऊन समजूत काढायला लागली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मधूनच कॅबो डोकावला आणि हाफ टाइम कधी असतो विचारून गेला.

आपण २९ रनने जिंकलो. पोरं बाहेर जाऊन नाचली, खोलीत नाही. मी खुर्ची ढकलत वॉर्डकडे निघालो. अंधार पडला होता, न्यिरागोंगो ज्वालामुखीचा तांबडा उजेड ढगांवर दिसत होता. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "चार बार छोड़ोगे तो मेरी अम्मी भी पचासी बना लेंगी."

फायनलच्या आदल्या दिवशी त्याला पुढच्या उपचारासाठी मायदेशी हलवलं. वानखेडेवर धोनीने सिक्स मारल्यावर बायकोने फोन गॅलरीबाहेर धरला होता, पाच मिनिटं नुसते भांडुपचे फटाके ऐकले. तेव्हा त्याचा बेड रिकामा होता.

तुमचा शेवटचा प्रश्न, संपर्क आहे का. कॅबोचा पत्ता होता, दोन पत्रं झाली, मग त्याचंही राहिलं आणि माझंही. हवालदाराचा नंबर मी मागितला नाही आणि त्याने दिला नाही. का, ते दोघांनाही सांगावं लागलं नाही. स्ट्रेचर गाडीत चढवताना त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "पिन वाली जगह का दाग रहेगा?" मी म्हटलं, राहील.

मार्च २०२२ मध्ये तिथेच, उत्तर किवूत, यूएनच्या मोहिमेतलं एक पाकिस्तानी हेलिकॉप्टर पडलं. ८ जण गेले, ६ पाकिस्तानी, एक रशियन, एक सर्बियन. बातमी मी लोकलमध्ये मोबाइलवर वाचली. तारीख ३० मार्च होती, ते मुलुंड गेल्यावर लक्षात आलं. माझा माणूस इन्फंट्रीचा, त्या पायाने एव्हाना कधीच पेन्शनवर गेला असणार, हेलिकॉप्टरशी त्याचा काही संबंध नाही. तरी नावं शोधून काढली आणि दोनदा वाचली.